फीत आणि तबकडी : घरगुती चलच्चित्रांचें जतन

जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनकालीन लेणें आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं त्याच्या भिंतीवर राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति कोरल्या होत्या आणि त्यांच्यावर ब्राह्मी लिपींत नांवें घातलीं होतीं. आज मूर्ति भंगल्या आहेत. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. महाराष्ट्राच्या या प्राचीन कुटुंबचित्रांतील नांवें राहिलीं, रूपें गेलीं.

आपल्या माणसांचें रूप मागें उरावें, ही इच्छा राजघराण्यांपुरती कधींच नव्हती. सामान्यांस साधन तेवढें नव्हतें. १९७६ सालीं जपानांत व्ही. एच. एस. पद्धतीची व्हिडिओ-फीत निघाली. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर भारतांत रंगीत दूरदर्शन पसरलें आणि लग्नमुंजींचें चित्रण घरोघरीं येऊं लागलें.

ही फीत म्हणजे लोहभस्माचा लेप दिलेली, अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी. ती लावली कीं यंत्राचें फिरतें टोक तिच्यावर घासतें. म्हणजे पाहण्यानेंच ती झिजते. दमट हवेंत तिला बुरशी धरते. एका फितीवरून दुसरी उतरविली, तर प्रत्येक नकलेबरोबर चित्र पुसट होतें. शेवटचा प्रसंग पाहावयाचा, तर सारी फीत गुंडाळीत बसावें लागतें.

१९९६ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या डी. व्ही. डी. तबकडीनें यांतील बहुतेक दोष दूर केले. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई घासे. येथें केवळ लेसरचा किरण पडतो, म्हणून वाचनानें झीज नाहीं. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीवरील हवा तो प्रसंग क्षणांत सांपडतो. मुख्य गुण असा कीं, चित्र येथें अंकांच्या रूपानें असतें. अंक जसेच्या तसे उतरले, कीं शंभरावी नक्कलहि मुळासारखीच. फितीवर आधींच विटलेलें चित्र मात्र तबकडीवर घेतल्यानें उजळत नाहीं. पुढची हानि तेवढी थांबते. म्हणून विलंब नको.

विलंबाचें मोल शिनोलीच्या परिसरांत चांगलें उमगेल. जुन्नरच्या दक्षिणेस, आंबेगांव तालुक्यांत, घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जातांना हें गांव लागतें. त्याच्या पुढें घोड नदीवर डिंभे धरण आहे. तालुक्यास ज्याचें नांव, तें जुनें आंबेगांव या धरणाच्या पाण्याखालीं गेलें. त्या गांवांतील एखाद्या वरातीची फीत कोणाच्या पेटींत असेल, तर नवरानवरीच्या मागें दिसणारी आळी, देऊळ आणि घरांचे ओटे पुन्हां चित्रित करतां येणार नाहींत. आणि जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ सालीं फीतयंत्रें बनविणें थांबविलें; तेव्हां फीत टिकली, तरी ती दाखविणारें यंत्रहि हवें.

तबकडीहि अमर नाहीं. घरीं भरावयाच्या तबकडींत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन व उष्णता यांनीं तो बिघडतो. दगड एकाच जागीं राहून टिकला. अंकबद्ध चित्र टिकतें तें वेळोवेळीं नवी नक्कल करून, आणि ती दोन निरनिराळ्या घरीं ठेवून. त्याबरोबर वेष्टनावर माणसांचीं नांवें, गांव व साल लिहावें. नाणेघाटांत नांवांना रूपें उरलीं नाहींत; घरच्या चित्रांत रूपें राहून नांवें हरपूं नयेत.