फास्टर फेणे फुरसुंगीचा, मग जेऊरचा कोण?

पुण्याहून रेल्वेनं सोलापूरकडे निघालात की दौंड, भिगवण मागं पडतं आणि कुर्डुवाडीच्या आधी जेऊर लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव. खुद्द करमाळ्याला रेल्वे नाही, त्यामुळं तिकडं जाणारा माणूस जेऊरला उतरतो. पुढं केम लागतं, कुंकवाच्या धंद्यासाठी नावाजलेलं. अलीकडं उजनी धरणाचं पाणी पसरलंय. धरणात भीमाकाठची कित्येक गावं बुडाली. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की पलीकडं इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं आणि लोक ते बघायला होड्या करून जातात.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? बुडालेलं गाव आहे, रात्री थांबणारी गाडी आहे, माणूस दिसणार नाही असा ऊस आहे. तरीही मुलांच्या मराठी रहस्यकथा आठवायला बसलं, की गावाचं नाव पटकन एकच तोंडावर येतं: फुरसुंगी.

ते आपल्याला पाठ आहे ते भा. रा. भागवतांमुळं. भास्कर रामचंद्र भागवत, जन्म १९१०, निधन २००१. त्यांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, मूळचा फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्याच्या विद्याभवन शाळेत. अंगानं किडकिडीत, सायकलवर सुसाट, आणि डोक्यात काही चमकलं की तोंडातून 'टॉक्'. भागवतांनी त्याची वीसेक पुस्तकं लिहिली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, तिच्यात सुमीत राघवन फेणे झाला. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ फेणे होता आणि दिलीप प्रभावळकरांनी चक्क भागवतांचीच भूमिका केली. लेखकालाच पात्र करून पडद्यावर आणायचं, हा मान मराठीत फार थोड्या बाललेखकांच्या वाट्याला आलाय.

गंमत अशी, की फुरसुंगी फेणेचं गाव असलं तरी त्याचे बरेचसे पराक्रम बाहेर होतात. प्रतापगड, काश्मीर, चीन युद्धाच्या वेळची सरहद्द. गावाकडचा पोरगा हुशारी दाखवायला गाव सोडून जातो. त्या काळच्या वाचकाला जग बघायचं होतं, आणि भागवतांना ते दाखवायचं होतं. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मराठीत आणणारा माणूस तो, गावच्या वेशीत कसा मावणार? ही तक्रार नव्हे. पण त्यामुळं गावातलं रहस्य लिहायचं राहूनच गेलं.

दुसरा अडसर रोजच्या व्यवहाराचा. मुलांसाठी लिहिणाऱ्याला आधी मासिक लागतं, पुस्तक नंतर येतं. भागवतांनी तर 'बालमित्र' नावाचं मासिक स्वतःच चालवलं. तिकडं बंगालीतही हेच दिसतं. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ साली आधी 'संदेश' मासिकात आला, आणि ते मासिक सुरू केलं होतं रायांच्या आजोबांनी. राय तेव्हा सिनेमामुळं जगभर माहीत झाले होते, तरी फेलूदाला मुलांच्या हातात न्यायला मासिकच लागलं. मग आडगावात बसून लिहिणाऱ्याची काय कथा? बालभारतीचं 'किशोर' नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं. पुस्तकाचं दुकान नाही अशा गावातल्या मुलांपर्यंत पोचणारं हे मासिक. गावाकडच्या लेखकासाठीही तो एक दरवाजा ठरला. पण एका मासिकात वर्षाला गोष्टी बसून किती बसणार?

आता लिहिण्याच्या कसबाकडं येऊ, कारण शहरातली गोष्ट उचलून गावात ठेवली तर ती चालत नाही. शहरात गुप्तहेराचा सगळा जीव जातो माणूस हुडकण्यात. जेऊरसारख्या ठिकाणी गाडीतून कोण उतरलं, कुणाच्या मोटरसायकलवर बसून गेलं, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं. अडचण वेगळीच असते. माहीत असून कुणी बोलत नाही. भावकी आड येते, उधारी आड येते, उद्या त्याच्याच विहिरीवरून पाणी आणायचं असतं. मोठ्या माणसांचं हे गप्प बसणं हेच तिथलं कुलूप, आणि ते उघडू शकतं पोरच. पोराला कुणी मोजत नाही. सायकल घेऊन ते कुठंही जातं आणि कुणासमोरही उभं राहून ऐकतं.

मुलांच्या रहस्यकथेत सहसा खून नसतो. चोरी, हरवलेली वस्तू, जुना दस्तऐवज, एवढ्यावर गोष्ट चालते. वाचणाऱ्या मुलालाही धागे तेवढेच मिळाले पाहिजेत जेवढे गोष्टीतल्या पोराला मिळतात. शेवटी एखादा मामा मुंबईहून येऊन उलगडा करायला लागला, की वाचणारं मूल पुस्तक मिटतं. बरोबरच करतं.

बाकी जेऊरची माणसं आणि जेऊरची भाषा लोकांना कळेल का, ही शंका आता कुणी काढू नये. नागराज मंजुळे जेऊरचेच. आधी कविता, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा संग्रह, मग 'पिस्तुल्या' हा लघुपट, 'फँड्री', आणि २०१६ ला 'सैराट', ज्याचं बरंच चित्रीकरण करमाळ्याच्या आसपासच झालं. ती बोली, तो ऊस, ती विहीर सगळ्या महाराष्ट्रानं बघितली आणि कुणालाही शब्दकोश लागला नाही. त्यात मुलांची रहस्यकथा नाही हे खरं. पण गाव आहे तसं ठेवून गोष्ट राज्यभर जाते, एवढं त्यातून दिसलं.

आणि फुरसुंगी? ज्या वर्षी सिनेमा आला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, ते पुणे महापालिकेत घेतलं गेलं. फेणेचं गाव नकाशावर शहराला चिकटलंय. जेऊर मात्र अजून आपल्या जागी आहे, गाडी थांबते, आणि 'किशोर'चे जुने अंक आता बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. तिथल्या एखाद्या सातवीतल्या पोरीनं ते मोबाईलवर उघडले असतील, तर पुढचा गुप्तहेर कुठला असावा हे तिलाच विचारायला पाहिजे.