लोणावळ्याचा उन्हाळी मेळा आणि पंडिता रमाबाईंचे कुटुंब

उन्हाळा आला की आपल्या घराघरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी माहेरी जाते, कोणी मुलांना घेऊन कोकणात जाते, कोणी कुलदैवताला जाऊन येते. ख्रिस्ती कुटुंबांत अशाच एका प्रवासाची जुनी चाल आहे, ती म्हणजे वार्षिक बायबल मेळ्याची. मुलाबाळांसह वळकट्या बांधून निघावयाचे, काही दिवस एके ठिकाणी राहावयाचे, सकाळ-संध्याकाळ शास्त्रवचनांचे विवरण ऐकावयाचे आणि ताज्या मनाने पुन्हा वर्षाच्या कामाला लागावयाचे. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त अशाच एका मेळ्याची हकीकत भगिनींपुढे ठेवीत आहे. आपल्या महाराष्ट्रातील एका थोर स्त्रीच्या चरित्राशी तिचा निकटचा संबंध आहे.

या चालीचा उगम पाहू गेल्यास अमेरिकेत जावे लागते. १८०१ च्या ऑगस्टात केन्टकी राज्यातील केन रिज येथे हजारो माणसे जमली. शेतकरी आपापल्या गाड्यांतून बायकामुले, अंथरुणे आणि शिधा घेऊन आले व तेथेच उतरले. दूरदूरच्या एकाकी शेतांवर राहणाऱ्या बायकांना चार बायका भेटण्याचे दुसरे ठिकाण नव्हते. पुढे हे मेळे दरवर्षी भरू लागले. १८७४ साली न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग निघाला. इंग्लंडच्या उत्तरेस केझिक या तळ्याकाठच्या गावी १८७५ साली तेथील धर्मगुरू हार्फर्ड-बॅटर्स्बी व क्वेकर पंथाचे रॉबर्ट विल्सन यांनी तंबू ठोकून मेळा भरविला. तो आजही दर उन्हाळ्यात भरतो.

मिशनऱ्यांबरोबर ही चाल आपल्याकडे आली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळे मुंबई व पुणे या दोन्ही शहरांना जवळ झाले. एप्रिलच्या उन्हात शहरे तापत, तेव्हा लोणावळ्याची हवा त्या मानाने थंड, भोवती झाडी दाट. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८९० नंतरच्या वर्षांत, तेथे एप्रिलमध्ये असा मेळा भरत असे, आणि त्याला पंडिता रमाबाई जात.

मेळा, यात्रा ही रमाबाईंना नवी नव्हती. त्यांचे सारे बालपणच यात्रेत गेले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि मुले असे ते कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थातीर्थांतून फिरत असे. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावयाचे व श्रोते देतील त्यावर राहावयाचे, असा त्यांचा क्रम. रमाबाईंना संस्कृत शिकविले ते आईने, याच भटकंतीत. पुढे दुष्काळ पडला आणि वडील, आई व थोरली बहीण अशी तिघे थोड्याच महिन्यांत गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ साली पतीही गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाईंचे कुटुंब म्हणजे एक तान्ही मुलगी एवढेच उरले.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले व १८९० साली ते पुण्यास आणले. तेथे बालविधवांना आपला आचार पाळून शिकता येत असे. परंतु रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या, यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणी त्या काळी मतभेद तीव्र होते व आजही दोन्ही बाजूंनी बोलता येईल. ज्यांनी विश्वासाने मुली ठेवल्या त्यांना वाटलेले दुःख खरे होते. तसेच, ज्या मुलींना परत घेऊन जावयास कोणी नव्हते, त्यांचा प्रश्नही खरा होता.

१८९६ च्या एप्रिलात रमाबाई लोणावळ्याच्या मेळ्यास गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या १५ मुली होत्या. इतर बिऱ्हाडांत आईबाप व त्यांची मुले होती. रमाबाईंच्या बिऱ्हाडात एक विधवा आणि तिच्या पंधरा मानलेल्या लेकी. आपण सुखी आई आहोत असे त्या वेळी वाटल्याचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. सूर्य उगवत होता. तेथे त्यांनी प्रार्थना केली, की पुढच्या मेळ्यापर्यंत या लेकींच्या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे १५ च्या २२५ व्हाव्यात. आपण ज्यासाठी मान खाली घालून देवापुढे बसतो, त्यात असा चोख हिशेब क्वचितच असतो.

त्याच वर्षी पाऊस गेला आणि मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगावयास नको होते. त्यांनी तो आईबापांच्या मृत्यूत पाहिला होता. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. मागितल्या होत्या त्या श्रद्धेतील लेकी. दाराशी आल्या त्या उपाशी, आजारी, भ्यालेल्या मुली. त्यांना आधी पेज हवी होती, अंगावर वस्त्र हवे होते. प्लेगमुळे पुण्यात एवढ्या जणींना ठेवण्यास परवानगी मिळेना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तेथेच १८९८ साली मुक्ति सदन उभे राहिले.

त्याच वर्षी अमेरिकेहून परतताना रमाबाई केझिकच्या मेळ्यास गेल्या आणि तेथे जमलेल्यांकडे त्यांनी भारतातील ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना मागितली. इकडे केडगावचे कुटुंब वाढतच होते. १९०० पर्यंत तेथे सुमारे १,५०० जणी होत्या. त्या लिहावाचावयास शिकल्या; विणकाम, शेती, छपाई असे उद्योगही शिकल्या. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, आणि १९२२ च्या ५ एप्रिलला, बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करून, रमाबाईही गेल्या.

धर्माविषयी आपल्यापैकी प्रत्येकीचे मत आपापले असेल. पण लोणावळ्याच्या त्या बिऱ्हाडाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट मनात ठसते. त्या काळी विधवेला कुटुंब नसे. ती दुसऱ्याच्या कुटुंबात एका कोपऱ्यात असे. सणाला, लग्नाला, यात्रेला तिने पुढे यावयाचे नाही अशीच रीत. अशा पंधराजणी एका वर्षी, कोणाच्या मागे न राहता, आपल्या आईबरोबर आगगाडीने मेळ्याला गेल्या आणि चारचौघांच्या कुटुंबांसारख्या उतरल्या. आज यात काही विशेष वाटणार नाही. मात्र आपल्या मंडळाची सहल निघते, तेव्हा जिच्या घरी विचारणारे कोणी नाही अशा भगिनीला आपण आठवणीने बरोबर घेतो काय, हे वर्षातून एकदा स्वतःला विचारावे. रमाबाईंच्या कुटुंबाची सुरुवात अशा बरोबर घेण्यातूनच झाली.