साठीला ज्येष्ठ, सत्तरीला पात्र

म्हाताऱ्या माणसावर मोफत उपचार म्हणजे सरकारचे उपकार, असा समज आपल्या वस्त्यांतही रुजला आहे. इतिहास वेगळं सांगतो.

1943 साली नेमलेल्या भोर समितीने 1946 च्या अहवालात तत्त्व मांडलं, की पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. त्याच काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल 1944 साली त्यांच्याच खात्याकडे आला. त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजही या विम्यातला कामगार निवृत्तीनंतर वर्षाला 120 रुपये भरून जोडीदारासह उपचार घेऊ शकतो. मात्र किमान पाच वर्षं विम्याची नोकरी झालेली हवी. शेतमजूर, कचरा वेचणारी बाई, ठेकेदाराने नोंदच न केलेला सफाई कामगार यांनी ही पाच वर्षं कुठून दाखवायची?

संविधानाच्या कलम 41 मध्ये म्हातारपण आणि आजारपण दोन्ही आहेत. पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही. 2007 च्या कायद्याने साठीपुढच्यांना ज्येष्ठ ठरवलं आणि सरकारी दवाखान्यात खाटा देऊ म्हटलं, तेही 'शक्य तितक्या'. ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान योजना उत्पन्नाची अट न ठेवता सर्व ज्येष्ठांना खुली झाली, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. आम्ही तिचं स्वागतच करतो. पण इथे ज्येष्ठ म्हणजे सत्तरीचा!

ही दहा वर्षं सगळ्यांना सारखी नसतात. नऊ राज्यांच्या आकडेवारीवरचा 2022 चा एक अभ्यास सांगतो, की उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचं आयुर्मान तीन वर्षांहून आणि आदिवासींचं चार वर्षांहून कमी आहे. महाराष्ट्र त्यात नाही. तरी वयाची एकच रेघ ओढली की आधी कोण गळतं, हे कळायला तेवढं पुरे.

वय ठरतं आधारवरून. शाळेत न गेलेल्या आपल्या आज्यांची जन्मतारीख अनेकदा कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने टाकलेली असते. त्यात बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या या योजनेत नाहीत, दाखल व्हावं लागतं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, रविवारी विहारात वंदना झाली की ज्येष्ठांची आधारकार्डं तपासा. वय कमी लागलेल्यांची यादी करा, दुरुस्तीचे अर्ज भरून द्या. आणि साठीची मागणी ग्रामसभेत, वॉर्डात लेखी नोंदवा.