दापोडीचा गिब्सन

पुण्यानजीक दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचा कारभार पाहणाऱ्या, पेशाने शल्यवैद्य असलेल्या अलेक्झांडर गिब्सनने, अरण्ये तुटल्याने कोकणच्या मुलखातील झरे आटतात काय व पर्जन्यमानही घटते काय, याचा जो शोध चालविला आणि कंपनी सरकारकडे त्याविषयी जे खलिते धाडले, त्यांच्या पाठोपाठ १८४७ साली मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून फिरती शेती, करणाऱ्या डोंगरी रयतेवर त्याने ठेवलेला जंगलतोडीचा ठपका मला अन्यायाचा वाटतो; मुंबईच्या गोदीतील जहाजांनाही सह्याद्रीचाच साग लागत होता. पावसाविषयीचा तर्क पडताळण्याजोगी दीर्घकालीन नोंद मात्र तेव्हा दफ्तरी नव्हती. पुढे दफ्तरी नसलेली अशी नोंद झाडांतच शोधत पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी सागाच्या खोडांतील वार्षिक वलयांची रुंदी मोजून गतकाळातील अवर्षणांचा माग काढला.