तार तीच, कान वेगळा

दिवाळीत नातू पुण्याहून लोहाऱ्याला आला तो इलेक्ट्रिक गिटार घेऊनच. तारांखाली तीन पट्ट्या होत्या, दोन बारीक, एक रुंद. "आबा, हे पिकअप. गिटारचे कान!" त्यानं खटका सरकवून तीच तार पुन्हा छेडली आणि आवाज पार बदलला. मी इतिहासाचा मास्तर, गप्प बसवेना. त्याला विचारलं, थोडं वाचलं.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की वेढ्यांत किंचित वीज उपजते. हे तत्त्व फॅरेडेनं १८३१ सालीच दाखवलं होतं. पण ते गिटारला लागायला शंभर वर्षं गेली. बँडच्या पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे. म्हणून बोशँप आणि रिकनबॅकर यांनी १९३१ साली अमेरिकेत मांडीवर आडवी घेऊन वाजवायची इलेक्ट्रिक गिटार बनवली.

आता आवाजातला फरक. घोडीजवळचा पिकअप तार जिथे ताठ असते तिथलं ऐकतो, म्हणून स्वर टोकदार. गर्दीतून वर येणाऱ्या सुरावटीला बरा. दांडीकडचा गोल, मऊ. संथ वाजवायला छान. बारीक पट्टीत एकच वेटोळं. स्वर स्वच्छ, पण आसपासच्या लाईटची घूंघूं तीही उचलते. १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडली. घूंघूं एकमेकींत विरली, तारेचा आवाज मात्र वाढला! तीच ती रुंद पट्टी. स्वर भरदार, रॉकवाल्यांच्या आवडीचा.

हे वाचताना मला आमचा बेंजो आठवला. जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ साली तायशोगोतो हे वाद्य काढलं. तेच इकडे बुलबुलतरंग झालं आणि पुढे पिकअप लावून आपल्या गणपती-वरातीत बेंजो म्हणून दणाणलं. कारण तेच. ताशापुढे ते ऐकू येईना!

१९७८ सालची गोष्ट. माझ्या वर्गातला एक मुलगा बेंजो पार्टीत वाजवायचा. त्यानं जुन्या रेडिओतली तार काढून, घरीच पिकअप गुंडाळून शाळेत आणला होता. मी वर्गासमोर म्हणालो, "हे टवाळखोरांचं काम. सनावळी पाठ कर." दहावीच्या आतच त्यानं शाळा सोडली. माझ्यामुळेच असं नाही म्हणणार, घरची गरिबीही होती. पण माझ्या बोलण्याचा वाटा नव्हता, असंही म्हणवत नाही.

आता तो साठीचा, पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करतो. नातवाला घेऊन त्याच्या दुकानात गेलो. त्यानं चष्मा चढवून पिकअप न्याहाळला आणि नातवाला बराच वेळ समजावत बसला, माझ्यापेक्षा कितीतरी सोपं करून. निघताना मी म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं रे."

तो हसला. "सर, तुम्ही पुढच्या बाकांचंच ऐकायचा. आम्ही मागं होतो."

चाळीस वर्षं शिकवलं मी. खटका मात्र एकाच जागी ठेवून.

असो. पिकअप आवाज काढत नाही, तो फक्त ऐकतो. कुठून ऐकतो, त्यावर सगळं असतं.