मायोकाइन

मायोकाइन : स्नायू आकुंचन पावताना स्नायुतंतूंमधून स्रवणारी, संदेशवहन करणारी प्रथिने. त्यांतली काही जागच्या जागी, शेजारच्या पेशींवर काम करतात. काही रक्तात उतरून यकृत, मेदपेशी, स्वादुपिंड अशा दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचतात. प्रौढ माणसाच्या वजनात सर्वसाधारणपणे एक तृतीयांश ते दोन पंचमांश वाटा हाडांना जोडलेल्या कंकाल स्नायूंचा असतो. एवढा मोठा अवयव केवळ हालचालीसाठी आहे ही समजूत गेल्या पंचवीस वर्षांत मागे पडली. आज त्याची गणना अंतःस्रावी अवयवांत होते.

राबणारा स्नायू रक्तात काहीतरी सोडत असावा, ही शंका मात्र जुनी आहे. १९६१ साली गोल्डस्टीन या संशोधकांनी स्नायूंच्या कामामुळे रक्तातली साखर कमी करणारा एखादा घटक रक्तावाटे पसरतो, असे मांडले. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांवरील प्रयोगांनीही याला बळ दिले. त्यांच्या पायांचा मेंदूशी संबंध तुटलेला असतो, तरी विजेच्या सौम्य झटक्यांनी पायांचे स्नायू आकुंचित केले की व्यायामाचे बरेचसे परिणाम शरीरभर दिसतात. म्हणजे निरोप केवळ मज्जातंतूंवाटे जात नाही. तो घटक अनेक वर्षे हाती लागला नाही. २००३ मध्ये कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रथिनांसाठी ‘मायोकाइन’ ही संज्ञा सुचवली, तेव्हा त्यांच्यासमोर एक ठोस उदाहरण होते : इंटरल्यूकिन-६.

इंटरल्यूकिन-६ तोवर ओळखले जाई ते संसर्ग आणि दाह यांच्या संदर्भात. मॅरेथॉनसारख्या दीर्घ श्रमानंतर रक्तातले त्याचे प्रमाण कधीकधी शंभरपटीपर्यंत वाढलेले आढळे. स्नायूंना झालेल्या इजेमुळे प्रतिकारपेशी ते सोडत असतील, असे आधी वाटले. हा प्रश्न २०००च्या सुमारास एका नेटक्या प्रयोगाने सोडवला. स्वयंसेवकांनी ५ तास एकाच पायाने गुडघा ताणण्याचा व्यायाम केला, दुसरा पाय स्वस्थ ठेवला. पायात जाणाऱ्या धमनीतले आणि पायातून परतणाऱ्या शिरेतले रक्त तपासले, तेव्हा इंटरल्यूकिन-६ बाहेर पडत होते ते राबणाऱ्या पायातून. मायोकाइन म्हणवणाऱ्या कोणत्याही प्रथिनाला हीच कसोटी लावायला हवी. रक्तातले प्रमाण वाढले एवढ्यावरून ते स्नायूतूनच आले असे ठरत नाही.

स्नायूतला ग्लायकोजेनचा साठा जितका आटलेला, तितके इंटरल्यूकिन-६ अधिक सुटते. ते यकृताला ग्लुकोज सोडायला लावते आणि मेदाचे विघटन वाढवते. इंधन संपत आलेला स्नायू जणू मागणी नोंदवतो. प्रतिकारसंस्थेवरचा परिणाम तर अपेक्षेच्या उलट आहे. जंतुसंसर्गात इंटरल्यूकिन-६च्या आधी टीएनएफ-आल्फा हे दाहकारक प्रथिन वाढते, व्यायामात तसे होत नाही. उलट इंटरल्यूकिन-१० सारखे दाहशामक घटक वाढतात. २००३च्या एका अभ्यासात निरोगी माणसांना जिवाणूंचे अंतर्विष टोचले. विश्रांत अवस्थेत त्यांचे टीएनएफ-आल्फा दोन-तीन पटींनी चढले. ज्यांनी आधी सायकल चालवली, किंवा ज्यांना शिरेतून इंटरल्यूकिन-६ दिले, त्यांच्यात ही वाढ झालीच नाही. स्थूल व्यक्तींच्या रक्तात मात्र इंटरल्यूकिन-६ कायम थोडे चढलेले असते आणि ते आजाराचे लक्षण मानले जाते. एकच रेणू कुठून, किती आणि किती वेळ येतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

आयरिसिनची गोष्ट इतकी सरळ नाही. २०१२ मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने उंदरांमध्ये हे प्रथिन दाखवले. ते पांढऱ्या मेदाला उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी मेदासारखे करते, या दाव्याने स्थूलतेवर औषध मिळाल्याची आशा जगभर पसरली. पण माणसाच्या संबंधित जनुकाची सुरुवात नेहमीच्या संकेताने होत नाही, त्यामुळे माणसात ते पुरेसे तयार होते का, अशी शंका निघाली. मोजणीसाठी वापरलेले बाजारातले प्रतिपिंड-संच भलत्याच प्रथिनांना चिकटतात, असेही २०१५ साली दाखवले गेले. त्याच वर्षी स्पीगलमन गटाने वस्तुमान वर्णपटमापनाने माणसाच्या रक्तात आयरिसिन मोजले : एका मिलिलिटरला सुमारे ३.६ नॅनोग्रॅम, व्यायाम करणाऱ्यांत सुमारे ४.३. प्रथिन आहे, हे त्यातून सिद्ध झाले. माणसाच्या चरबीवर एवढ्याशा फरकाचा किती परिणाम होतो, हा वाद मिटलेला नाही.

मायोस्टॅटिन हे स्नायूची वाढ रोखणारे प्रथिन. त्याचे जनुक निकामी केलेले धष्टपुष्ट उंदीर १९९७ मध्ये जगासमोर आले, आणि बेल्जियन ब्लू गायींचे दांडगे स्नायूही याच जनुकातील बदलाने होतात हे त्याच वर्षी कळले. व्यायामाने मायोस्टॅटिन घटते. याखेरीज इंटरल्यूकिन-१५, कॅथेप्सिन बी, डेकोरिन अशी शेकडो नावे मायोकाइनच्या यादीत आहेत. त्यांतली बरीच प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये किंवा उंदरांतच सापडली आहेत, म्हणून ही यादी जपून वाचावी.

माणसातला एक भक्कम पुरावा २०१९चा आहे. पोटाचा घेर वाढलेल्या प्रौढांनी १२ आठवडे सायकलचा व्यायाम केला आणि पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली त्यांची चरबी घटली. ज्यांना व्यायामासोबत टोसिलिझुमॅब, म्हणजे संधिवातावर वापरले जाणारे इंटरल्यूकिन-६चा मार्ग अडवणारे औषध दिले होते, त्यांची ती चरबी घटली नाही.