वसई-विरारमधील वंशावळ संशोधन

वसई-विरारमधील वंशावळ संशोधन म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरातील कुटुंबांचे रक्तसंबंध व सोयरसंबंध कागदोपत्री नोंदींच्या आधारे निश्चित करणे होय. घराण्याच्या दूरच्या सधन शाखेशी असलेले नाते पडताळणे, वारसाहक्क सिद्ध करणे आणि कुलवृत्तांत तयार करणे ही त्याची प्रमुख प्रयोजने आहेत.

आडनाव आणि नाते

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. परेरा, लोपीस, तुस्कानो, डिसोजा यांसारखी आडनावे परस्परांशी नाते नसलेल्या घराण्यांतही आढळतात. त्यामुळे केवळ आडनावावरून दोन घराणी एका कुळातील ठरत नाहीत. गाव, आळी आणि मागील पिढ्यांची नावे जुळावी लागतात.

चर्चमधील नोंदी

ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहनोंदवही ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई-वडील व धर्ममातापित्यांची, तर विवाहाच्या नोंदीत वधूवर व साक्षीदारांची नावे असतात. १९०८ पासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोरही करण्यात येऊ लागली. परगावी विवाह झालेल्या मुलीच्या सासरचा शोध त्यामुळे सुकर होतो. १९१८ पूर्वी खापरपणजोबा समान असलेल्या वधूवरांनाही विवाहासाठी विशेष परवानगी लागत असे. अशा परवानगीच्या कागदांतून दूरचे नाते उलगडते.

महसुली नोंदी

जमीनदार शाखेचा माग प्रामुख्याने सातबारा, फेरफार (गाव नमुना ६) आणि वारस नोंदवही (गाव नमुना ६-क) यांतून लागतो. जुन्या जन्ममृत्यूंसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, उपयोगी पडते. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला व अनेक जमिनी कुळांच्या मालकीच्या झाल्या. म्हणून सातबाऱ्यावरून एखाद्या मालकाचे नाव नाहीसे होणे हा त्याचा वंश खुंटल्याचा पुरावा ठरत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्थापन होण्यापूर्वी वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे जुन्या कागदपत्रांवर ठाणे जिल्ह्याचा उल्लेख असतो.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

हिंदू कुटुंबांच्या बाबतीत त्र्यंबकेश्वर, नाशिक आदी ठिकाणच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही साधन ठरतात. यात्रेकरूचे मूळ गाव व पूर्वजांची नावे त्यांत लिहिलेली असतात.

सोयरे आणि वारसा

वंशावळीत सोयऱ्यांना स्थान असले, तरी मृत्युपत्र नसल्यास केवळ सोयरिकीने सामान्यतः वारसाहक्क मिळत नाही. ख्रिश्चनांना लागू असलेल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार वैवाहिक जोडीदार आणि रक्ताचे नातेवाईक वारस ठरतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये मात्र हिंदू पुरुषाच्या आधी मृत्यू पावलेल्या मुलाची विधवा ही प्रथम वर्गाची वारस आहे. त्यामुळे मृत्यूंचा क्रम सिद्ध करणे हा वंशावळ संशोधनाचा महत्त्वाचा भाग ठरतो.